शोधा: अक्का

मला ती नोकरी दोन कारणांनी मिळाली. पहिलं, मला मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा येत होत्या. बेळगावकडच्या माणसाला त्या याव्याच लागतात, त्यात कौतुक काही नाही. आमच्याकडे साधं भांडण करायचं तरी तिन्ही लागतात. दुसरं कारण म्हणजे मॅडमनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो ना?" आणि मी धडधडीत "हो" म्हणाले. तोवर मी कॉम्प्युटर एकदाच पाहिला होता, पत्रिका जुळवून देणाऱ्या एका दुकानात, आणि त्याने माझे छत्तीसपैकी अकरा गुण जुळवले होते. त्यामुळे आमचं आधीपासूनच फारसं पटत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. बंगळुरात जयनगरला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमची संशोधन संस्था होती. संस्था म्हणजे मॅडम, मी आणि कॉम्प्युटर. एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत होता. त्या खोलीत चप्पल काढून जायचं, मोठ्यानं बोलायचं नाही आणि खायचं तर मुळीच नाही. माहेरी देवघराचेसुद्धा इतके नियम नव्हते. दसऱ्याच्या आयुधपूजेला मी त्याला हळदकुंकू वाहिलं तर मॅडम ओरडल्या, "अगं, की-बोर्डमध्ये जाईल ते!" गेलंच. पुढं वर्षभर स्पेसबार दाबला की बोटाला लाल लागायचं.

मॅडम पुण्याच्या. परदेशात शिकून आलेल्या, हुशार, कामाला वाघ, आणि कानडीत त्यांना एकच शब्द येई, "सरी", म्हणजे "बरं". तो त्या रिक्षावाल्यांशी भांडतानाही वापरत, त्यामुळे भांडण नेहमी रिक्षावालाच जिंके. त्यांना आनेकलच्या आसपासच्या लहान कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचा अभ्यास करायचा होता. बायका कामाला का येतात, का सोडतात, अडचणीला कोण उभं राहतं. चाळीस मुलाखती. बायकांशी बोलायचं मी, टेप करायचं मी, ऐकून टाइप करायचं मी. निष्कर्ष मात्र मॅडम काढणार होत्या.

पूर्वी असलं काम कात्रीनं व्हायचं. टाइप केलेल्या मुलाखतींच्या पट्ट्या कापायच्या आणि नवऱ्याबद्दलच्या एका ढिगात, सासूबद्दलच्या दुसऱ्या ढिगात अशा लावायच्या. कुणी पंखा लावला की नवरा सासूत जायचा. मॅडमनी परदेशातून तीन फ्लॉप्या आणल्या होत्या, त्यात हे ढीग लावणारा प्रोग्रॅम होता. आपण मुलाखत टाइप करायची, प्रत्येक परिच्छेदाखाली एक खूण आणि तिच्यापुढं कोड लिहायचा. मग प्रोग्रॅमला सांगितलं की तो त्या कोडचे सगळे परिच्छेद एका जागी आणून ठेवी आणि मोजूनही देई. देवनागरीची सोय नव्हती म्हणून सगळं रोमन अक्षरांत. कोड आठ अक्षरांच्या वर चालत नसे, म्हणून 'नवऱ्याची दारू' याचं मी 'नवदारू' केलं. ते एखाद्या आयुर्वेदिक औषधासारखं दिसे. "कोड आपण लादायचे नाहीत," मॅडम म्हणाल्या, "ते डेटामधून इमर्ज झाले पाहिजेत." मी म्हटलं, होतील. एका महिन्यात इतके इमर्ज झाले की यादी दोन पानांवर जाईना म्हणून अक्षर बारीक करावं लागलं.

मुलाखतींना मी मार्केटातून बसनं आनेकलला जाई. सतरा नंबरची मुलाखत तिथल्या एका मराठी बाईची होती. चाळिशी उलटलेली, बारीक, सरळ पाठीची. तिचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी फौजेबरोबर इकडं आलं आणि परत जायचं राहून गेलं. तिची मराठी ऐकून मला आधी हसू आलं, मग आठवलं की पुण्याच्या लोकांना माझी ऐकूनही तेच येतं. ती विजेची बटणं जुळवणाऱ्या एका शेडमध्ये कामाला होती. नवरा वारलेला, मुलगी दहावीला, घरात कमावणारी ही एकटी.

त्या दिवशी रविवार होता. टेपरेकॉर्डर मी तिच्या घरात एका पालथ्या डब्यावर ठेवला होता. तासभर ती बसबद्दल, पाठदुखीबद्दल, मुलीच्या गणिताबद्दल बोलली आणि मग सहज बोलल्यासारखी म्हणाली, "शेडमध्ये दोन टोकनं हायत अक्का. लाकडाची. बायका पन्नास. संडासला जायचं तर सुपरवायझरकडनं टोकन मागायचं. तो सगळ्यांपुढं विचारतो, आत्ता तर जाऊन आलीस की? म्हणून मी पाणीच पीत न्हाई." कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची निळी बाटली होती, ती तिनं उचलून दाखवली. "रोज सकाळी मुलगी भरून देती. संध्याकाळी मी तशीच परत आणते. तिला दिसू नये म्हणून कढीपत्त्याला घालते. आमचा कढीपत्ता बघा कसा माजलाय." मग तिनं लघवीच्या जळजळीचं सांगितलं, दोनदा दवाखान्यात राहावं लागलं तेही सांगितलं, आणि एकदम पुढं वाकून टेपरेकॉर्डरवर तळहात ठेवला. काहीतरी म्हणाली. माझं लक्ष कॅसेट संपत आली की काय याकडे होतं. मुलाखती घेणाऱ्याची मान आपोआप हलत असते, तशी माझी हलली आणि मी "बरं" म्हणाले.

ऑफिसात ती टेप मी कानाला लावून ऐकली, तेव्हा तळहाताखालून दबका आवाज आला. सुरुवातीचं कळलं नाही, पुढचं स्वच्छ होतं: "लिवू नका अक्का." जे ऐकू येत नसे तिथं मी खुणेची दोन चिन्हं टाकून पुढं जाई. इथंही टाकली. टोकनचे सगळे परिच्छेद टाइप केले, खाली 'टोकन' असा कोड घातला, सात वेळा, आणि "लिवू नका"खालीही तोच घातला. हात चालत होते, डोकं घरी स्वयंपाकाला काय करायचं याचा विचार करत होतं.

चाळीसही मुलाखती संपल्या आणि प्रोग्रॅमला खायला घातल्या, तर त्यानं पहिल्याच घासाला मान फिरवली. पडद्यावर आलं: नाव नसलेला कोड. कोडसाठी जे चिन्ह एकदा टाकायचं, तेच मी 'ऐकू आलं नाही'साठी दोनदा टाकत होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे जिथं जिथं मला ऐकू आलं नव्हतं तिथं तिथं तो थबकून उभा राहणार. मी वर्ड प्रोसेसर उघडला. शोधा: दोन चिन्हं. बदला: काही नाही. सगळे एकदम. एक कळ दाबली आणि चाळीस बायकांचं न ऐकलेलं सगळं मिटून गेलं. मी स्वतःवर खूष होऊन बाहेर कॉफी प्यायला गेले.

परत आले तर मॅडम पडद्यापुढं उभ्या. गाल लाल झालेले. "मी सहज एक सर्च मारून बघितला," त्या म्हणाल्या. "अक्का. काय आलं असेल? अकराशे चाळीस! नवऱ्यापेक्षा जास्त, आईपेक्षा जास्त. थोरली बहीण! अगं, हे कुणीच लिहिलेलं नाहीये आजपर्यंत."

त्यांना इतका आनंद का झाला ते सांगायला हवं. पुण्याकडं अक्का म्हणजे खरोखरची थोरली बहीण. मॅडमना एक होती. आई गेल्यावर तिनं शाळा सोडली आणि धाकट्या तिघांचं केलं. मॅडम विमानात बसल्या तेव्हा तिनं स्वतःचं घड्याळ काढून त्यांच्या हाताला बांधलं होतं. ते घड्याळ बंद पडलं होतं तरी मॅडम रोज घालत. हे मला ठाऊक होतं, म्हणून पुढचं बोलायला जीभ जड झाली. पण झाली तरी थांबली नाही, माझी कधी थांबत नाही.

मी खुर्ची ओढली आणि यादी वाचली. प्रोग्रॅमला कुठंही ती चार रोमन अक्षरं ओळीनं दिसली की तो अक्का म्हणून धरत होता. सक्करे, म्हणजे साखर. मक्कळु, म्हणजे मुलं. अक्कपक्क, म्हणजे शेजारीपाजारी. झालंच तर आपले पक्का, धक्का आणि एका बाईनं श्रीखंडासाठी टांगलेला चक्का. मला असं हसू लोटलं की एसीच्या खोलीचा नियम मोडला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फक्त पूर्ण शब्दाचा शोध घेतला आणि आकडा तीनशे बारावर आला.

"तीनशे बारा तरी आहेतच," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ती अक्का मी आहे."

"म्हणजे?"

"बायका मला अक्का म्हणतात. इथं कुठल्याही बाईला मानानं अक्काच म्हणतात. बसमधला कंडक्टर म्हणतो, भाजीवाली म्हणते."

"चाळिशीची बाई तुला अक्का म्हणते? तू सव्वीस वर्षांची आहेस."

"मला वाईट वाटतंच, पण म्हणते."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "एकेक तपासून दाखव मला," त्या म्हणाल्या. "तीनशे बाराच्या तीनशे बारा."

चार दिवस मी अक्का शोधत बसले. प्रत्येक ठिकाणी जाऊन पुढचं वाक्य वाचायचं. अक्का, चहा घ्या. अक्का, पंखा लावू? अक्का, तुमचं लग्न कुठं ठरलं का? (हा प्रश्न सोळा बायकांनी विचारला होता, आणि त्यातल्या तिघींकडं स्थळ तयार होतं.) अक्का, स्वल्प थांबा, दूध उतू जातंय. अक्का, हे सांगून आमचं काय होणार? खरोखरच्या थोरल्या बहिणी निघाल्या नऊ. त्यातल्या दोघी वारलेल्या, आणि एकीशी पाट्यावरवंट्यावरून अबोला. डोंगर पोखरून उंदीर काढावा तसा तो आकडा मी वहीत लिहिला. पण एक सांगते, त्या चार दिवसांत मी त्या बायकांचं पहिल्यांदा ऐकलं. मुलाखत घेताना नव्हतं ऐकलं, टाइप करतानाही नाही.

चौथ्या दिवशी सतरा नंबरची मुलाखत आली आणि पडद्यावर ओळ उमटली: लिवू नका अक्का. तिच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. आणि खाली माझ्या हातचा कोड, टोकन. बाईनं हात जोडावे तसा हात टेपवर ठेवून सांगितलं होतं, मी तोंडानं बरं म्हटलं होतं, आणि तरी सगळं लिहून बसले होते.

आणि हे नुसतं लाजेचं नव्हतं. महिन्याभरात अहवाल छापायचा होता. कार्यक्रमाला कारखान्यांचे मालक बोलावलेले होते आणि त्या शेडचा मालकही येणार होता. अहवालात नाव नसलं तरी शेवटच्या तक्त्यात प्रत्येकीचं वय, काम आणि मातृभाषा छापायची होती. बटणं जुळवणारी, वय त्रेचाळीस, मातृभाषा मराठी, अशी त्या शेडमध्ये ती एकटीच. तिथल्या इतर बायका टोकनबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या, बाथरूमचा विषय काढला की पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यापायी दोनदा दवाखान्यात राहिलेलीही हीच, म्हणजे कुणी बोललं असेल तर हीच, हे मालकाला तक्ता न बघताही कळलं असतं. नोकरी गेली असती. मुलगी दहावीला होती.

मी मॅडमना सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "तक्ता काढून टाकू. पण टोकन ठेवायचं. टोकन इज द बेस्ट थिंग वी हॅव."

"तक्ता काढला तरी कळणारच. आणि ती स्वतः म्हणाली आहे, लिहू नका म्हणून. हे बघा."

मॅडमनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मला त्यांचा राग यायचा, पण त्या लबाड नव्हत्या. "मग काढ," त्या म्हणाल्या. आणि दाराशी जाऊन थांबल्या. "टोकन गेलं तर या रिपोर्टमध्ये उरतं काय? माझी अक्का तरी राहू दे."

मी ठाम नकार द्यायला हवा होता. वहीत नऊचा आकडा लिहिलेला होता. पण त्या 'माझी' म्हणाल्या आणि मनगटावरचं बंद घड्याळ चाचपलं, आणि मला वाटलं, देवाणघेवाणच तर आहे. एका बाईची नोकरी वाचते, दुसरीची बहीण राहते. मी "सरी" म्हणाले.

शोधा: टोकन. पुसा. अडीच पानं गेली. मी इतकी प्रामाणिक की जपून ठेवलेल्या फ्लॉप्यांतूनही पुसलं आणि सतरा नंबरची कॅसेट घेऊन तिच्यावर रेडिओवरची भावगीतं भरली. दिलेला शब्द पाळल्याचं समाधान मला त्या वयात फार लवकर व्हायचं.

कार्यक्रम एका हॉटेलच्या गार हॉलमध्ये झाला. अहवालाच्या मुखपृष्ठावर दोन बहिणींचं चित्र होतं, थोरली धाकटीची वेणी घालत होती. थोरल्या बहिणीच्या प्रकरणाला टाळ्या पडल्या. त्या शेडचा मालक उठून इंग्रजीत म्हणाला की आमच्या शेडमध्येही आम्ही सगळ्याजणींना अक्काच म्हणतो, एका कुटुंबासारखं. पुन्हा टाळ्या. मी खाली मान घालून बोंडे, म्हणजे तिकडचे बटाटेवडे, खात होते. आयुष्यात तीनशे तीन वेळा मला कुणी थोरली बहीण मानलं, आणि एकदाही मी कुणाच्या उपयोगी पडले नव्हते. सतरा नंबर सोडून, असं मी मनाशी म्हटलं. तेवढं एक पुण्य माझ्या गाठीशी होतं.

ते पुण्य मिरवायला म्हणूनच मी अहवालाची एक प्रत घेऊन आनेकलला गेले. उगाच खोटं कशाला बोलू? तिनं मला धन्यवाद द्यावेत अशी माझी इच्छा होती. संध्याकाळी शेड सुटायच्या वेळी बसस्टँडवर उभी राहिले. ती आली, मला बघून हसली, आणि मी पुस्तक तिच्या हातात ठेवलं. तिनं ते पदरानं पुसलं, जरी ते कोरं करकरीत होतं, आणि बाकावर बसून मांडीवर उघडलं.

"इंग्लिश हाय," ती म्हणाली. "मुलगी वाचून दावील. टोकनचं कुठल्या पानावर हाय अक्का?"

मी विजयानं तिच्या कानाशी वाकले. "काळजी करू नका. ते सगळं मी काढून टाकलंय. एक ओळ ठेवली नाही. तुम्ही म्हणाला होता ना, लिहू नका."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असावं की मी चेष्टा करतेय, म्हणून ती थोडी हसलीसुद्धा.

"नाव लिवू नका म्हटलं की अक्का," ती म्हणाली. "नाव. हात ठेवून सांगितलं मी. बाकीचं लिवा म्हणूनच तर सांगितलं सगळं. न्हाईतर कशाला सांगितलं असतं? माझ्या मुलीला बी ठाऊक न्हाई ते."

दोन चिन्हं. तिच्या तळहाताखाली राहिलेला तो एवढासा शब्द मला ऐकू आला नव्हता, आणि जागा मोकळी आहे एवढी खूण तरी मी ठेवली होती. ती खूणही मी कॉफीच्या आधी एका कळीनं पुसली होती. ती राहिली असती तर त्या तीनशे बारा अक्का तपासताना मला थांबवलं असतं तिनं. मी मॅडमना "हे बघा" म्हणून जी ओळ दाखवली ती त्या बाईची नव्हतीच, माझी होती.

"मग ह्यात माझं काय हाय?" तिनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. मी थोरल्या बहिणीचं प्रकरण उघडलं, कारण दुसरं काही नव्हतं. तिच्या मुलाखतीतून अकरा अक्का त्यात गेल्या होत्या. मी सांगितलं की बायकांना थोरल्या बहिणीचा आधार असतो, असं यात लिहिलंय.

"मला थोरली भैण न्हाईच," ती म्हणाली. "मीच थोरली."

बस आली, गर्दी आत घुसली, ती मात्र बसून राहिली. पुस्तक तिनं परत दिलं नाही, मिटून पिशवीत ठेवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते उन्हावर ढकलायचा प्रयत्न करत होते, तर ऊनही उतरलेलं. तिनं पिशवीतून निळी बाटली काढली. दिवस संपला होता आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

"सरी, जाऊ दे," ती म्हणाली आणि झाकण उघडून बाटली माझ्यापुढं धरली. "लांबून आलात. स्वल्प पाणी पिता, अक्का?"

मी ती घेतली आणि प्यायले.